शिंप्याच्या मापाचं बाथरूम

मी शांत बाई आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमचा गैरसमज होईल.

आमचं बाथरूम पाच फूट बाय सात फूट. त्यात कमोड, बेसिन, पिंप, बादली, गिझर, मळक्या कपड्यांची टोपली, आणि उरलेल्या जागेत माणूस. फरश्या पिस्ता रंगाच्या आणि प्रत्येकीवर एक तपकिरी फूल. फूल आहे असं सासरे म्हणायचे, मला ते फुटलेलं अंडं वाटायचं. दार आत उघडायचं आणि कमोडवर आपटायचं. म्हणजे आत शिरायचं, कोपऱ्यात सरकायचं, एक पाय बादलीत ठेवायचा, पोट आत घ्यायचं, मग दार लागायचं आणि कडी घालता यायची. तीस वर्षं आम्ही हे करत होतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुणे मात्र एकदा आत जाऊन आले की पुन्हा आमच्याकडे पाणी पीत नसत.

तर एका सकाळी बाबा, म्हणजे माझे सासरे, वय वर्षं ब्याऐंशी, आत साबणावरून घसरले आणि बसले. बसले ते नेमके दाराला पाठ टेकून. लागलं काही नाही, पण त्यांना उठता येईना, आणि दार आत उघडणारं, वर कडी लावलेली! बाहेरून मी ढकलतेय, आतून बाबा ओरडतायत, "ढकलू नकोस गं, माझी पाठ आहे ती!" शेवटी सुताराला बोलावलं. त्याने दाराची वरची फळी काढली आणि आत डोकावणार, तेवढ्यात बाबा गरजले, "आधी टॉवेल! मग तोंड!" सुताराने बिचाऱ्याने डोळे मिटून टॉवेल आत टाकला. तो पडला कमोडमध्ये. मग दुसरा टाकला. एकूण पाऊण तास गेला.

ही बातमी ताईंपर्यंत पोचली. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, राहतात दुसऱ्या गावी. आमच्या घरात मांजर शिंकलं तरी त्यांना कळतं. फोनवर म्हणाल्या, "बस झालं आता. वीस दिवसांनी येते आणि बाबांना घेऊन जाते. माझ्याकडे दोन बाथरूम आहेत, ऐसपैस. आणि आंघोळ घालायला एक माणूस ठेवते."

"आंघोळ घालायला" हे शब्द ऐकून बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. हा गृहस्थ म्हणजे लाजाळूपणाची कमाल. दवाखान्यात एकदा नर्स अंग पुसायला आली, तर यांनी तिलाच खोलीबाहेर घालवून दार लावून घेतलं होतं. आता ते ताईंवर तुटून पडतील असं मला वाटलं. पण ते हळूच म्हणाले, "तिचंही चुकत नाही म्हणा." आणि जेवायला आले नाहीत.

मी घाबरले. बाबा भांडत नाहीत म्हणजे काहीतरी गंभीर आहे. आमचं दोघांचं दिवसातून चार वेळा वाजतं. पेपरावरून, पंख्यावरून, चहात साखर किती यावरून. पण या माणसाशिवाय घरात मी भांडू कुणाशी? आमचे हे तर भांडण सुरू झालं की सुई शोधायला लागतात. सरळ सांगते, मला बाबा घरात हवे होते. म्हणून मी कमरेला पदर खोचला आणि जाहीर केलं, "वीस दिवसांत नवं बाथरूम. बाबा एकटे आंघोळ करतील, सुरक्षित करतील, आणि ताई बघतच राहतील."

"मापं मी घेतो," आमचे हे म्हणाले. इथेच मी थांबायला हवं होतं.

आमचे हे शिंपी. खाली दुकान, वर घर. गळ्यात टेप आंघोळीलासुद्धा असते की काय अशी शंका यावी इतकी ती अंगवळणी पडलेली. यांनी बाथरूमची मापं घेण्याआधी बाबांची घेतली. "बाथरूम कुणासाठी आहे? बाबांसाठी. मग माप गिऱ्हाइकाचं घ्यायचं, कपाटाचं नाही," असं यांचं म्हणणं. बाबांना हॉलमध्ये मध्यभागी उभं केलं. उंची, हाताची लांबी, बसल्यावर गुडघा कुठे येतो, सगळं घेतलं. मग कंबर घेतली.

"कंबर कशाला हो?" मी विचारलं.

"सवय," हे म्हणाले, आणि छातीसुद्धा घेतली.

बाबा मात्र एकदम खुशीत. मान ताठ, छाती पुढे. मापाच्या वहीत लिहिलं गेलं, उंची पाच फूट नऊ इंच. "बघ," बाबा मला म्हणाले, "लग्नात होतो तेवढाच आहे."

त्यानंतर यांनी खाकी कागदावर अख्खं बाथरूम बेतलं. खऱ्या मापाचं! कागदी कमोड, कागदी बेसिन, कागदी बैठक, सगळं कापून हॉलमध्ये फरशीवर मांडलं आणि भिंतींच्या जागी खडूच्या रेघा मारल्या. मग काय, चार दिवस आम्हाला हॉलमधून सरळ चालायची बंदी. "अगं, भिंतीतून काय जातेस! दारातून जा!" असं हे ओरडायचे. बाबा रोज सकाळी आंघोळीची तालीम करायचे. खडूच्या दारातून आत यायचं, दार सरकवल्यासारखं करायचं, नसलेली कडी घालायची, स्टुलावर बसायचं, नसलेला शॉवर उचलायचा. एकदा मी भाजीची पिशवी घेऊन तिकडून गेले, तर बाबा किंचाळले, "आत माणूस आहे!" अंगावर सगळे कपडे होते, पायांत मोजेसुद्धा. तरी मी "अय्या, चुकलं" म्हणून मागे फिरले. म्हणजे बघा, माझंही डोकं ठिकाणावर राहिलेलं नव्हतं. मग कुणीतरी पंखा लावला आणि कमोड उडून टीव्हीवर जाऊन बसला.

पाचव्या दिवशी फरशीवाला आला. त्याला आम्ही होईलदादा म्हणतो, कारण तो कशालाही "होईल" एवढंच म्हणतो. दार बाहेरून सरकणारं पाहिजे? होईल. कमोड भिंतीवर टांगलेला, पाण्याची टाकी भिंतीत लपलेली, म्हणजे खालून पुसता येईल? होईल. खरबरीत फरशी, घसरायला नको? होईल. आंघोळीला बसायची घडीची बैठक, हातात धरायचा शॉवर, आधाराला स्टीलचा दांडा, आरशामागे कपाट, आणि आंघोळीच्या भागाला काचेचं पार्टिशन म्हणजे बाकीचं कोरडं राहील? होईल, होईल, होईल. मी म्हटलं, "पंधरा दिवसांत?" त्याने छताकडे बघितलं, फार वेळ बघितलं आणि म्हणाला, "होईल."

तोडफोड सुरू झाली. फुटलेल्या अंड्यांच्या फरश्या निघाल्या तेव्हा बाबांनी एक उचलून ठेवली आणि मी ती परत ढिगाऱ्यात टाकली. त्यांनी पुन्हा उचलली. असं तीन वेळा झालं, मग मीच दमले. आंघोळीची सोय तोवर दुकानामागच्या मोरीत, ट्रायल रूमचा पडदा लावून. बाबा आंघोळीला गेले की यांनी रस्त्याकडे तोंड करून पहारा द्यायचा आणि मागे वळून बघायचं नाही, अशी बाबांची अट. गिऱ्हाइकं विचारायची, मालक, बाहेर का उभे? हे म्हणायचे, "आत महत्त्वाचं ट्रायल चाललंय."

कामाचा बारावा दिवस उजाडला आणि काच आली. दोन माणसांनी जिन्यावरून वर आणली, जीव मुठीत धरून. होईलदादाने ती जागेवर उभी केली. बसेना. आडवी, तिरकी, सगळी करून बघितली. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "नाही होणार."

"का?"

"तीन इंच जास्त आहे."

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी वही काढली, चष्मा चढवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. दोन्हीकडे दीड-दीड इंच माया सोडली आहे."

ज्यांना शिवणकाम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिंपी कापड बेतताना मापापेक्षा थोडं जास्त सोडतो, त्याला माया म्हणतात. थोडी शिलाईत जाते, आणि पुढेमागे माणूस सुटला तर उसवून कपडा वाढवता येतो. चांगली पद्धत आहे. पण कापडाला!

"अहो, बाथरूम काय जाड होणार होतं का?" माझा आवाज जरा वर गेला असेल. होईलदादाच्या हातातली थापी खाली पडली एवढंच.

"हात आपोआप गेला गं," हे म्हणाले. मग होईलदादाला हळूच विचारलं, "बाजूने थोडी कापून आत घेता नाही का येणार?"

"अशी काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, मालक. हात लावलात तर सगळ्या जिल्ह्यात सापडेल."

मी कपाळाला हात लावला. ती काच आता दुकानात यांच्या बेतायच्या टेबलावर पडली आहे आणि हे सगळ्यांना सांगतात की मुद्दाम मागवली. पार्टिशनच्या जागी यांनी जाड, पाणी न शोषणारा पडदा शिवला. उत्तम शिवला, ते मात्र म्हणायलाच हवं. त्याला खिसासुद्धा लावला, साबणासाठी.

पण काच गेली तरी दांडा होता, आणि खरी मदार दांड्यावरच होती. होईलदादाने तो वहीतल्या मापाने बसवला. बाबा बैठकीवर बसले, उठायला हात वर केला, आणि हात पुरेना. उभे राहून धरला तर बसच्या दांड्याला लोंबकळल्यासारखे दिसायला लागले. तरी म्हणतात, "छान आहे. अगदी बरोबर आहे."

"बाबा, उतरा," मी म्हटलं. "यांनी माप घेतलं तेव्हा तुम्ही टाचा उचलल्या होत्या का?"

ते ताकास तूर लागू देईनात. मी समोर उभी राहिले. मी समोर उभी राहिले की बोलतात लोक.

"थोड्याशा," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "गुडघेसुद्धा ताणले होते. अगं, माप देताना माणसाने नीट उभं राहायला नको का?"

यांनी मुकाट्याने टेप काढली. या वेळी मी बाबांच्या टाचांवर नजर ठेवून खाली बसले. पाच फूट सहा इंच. बाबा तो आकडा ऐकून बराच वेळ दांड्याकडेच बघत राहिले. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "तीन इंच काय, काचेचेही तेवढेच जास्त झाले होते." ते हसले नाहीत, पण संध्याकाळी चहात साखर कमी आहे म्हणून भांडले, तेव्हा मला बरं वाटलं. दांडा खाली आला. वरच्या भोकांवर होईलदादाने टॉवेलची कडी ठोकून दिली.

विसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता ताई आल्या. रिकामी बॅग घेऊन आल्या, बाबांच्या कपड्यांसाठी. ती मी पॅसेजमध्येच ठेवून घेतली, बाबांच्या कपाटापासून लांब.

चहासुद्धा न घेता त्या थेट बाथरूमकडे गेल्या. दार सरकवलं. पांढऱ्या भिंती, करडी खरबरीत फरशी, टांगलेला कमोड, लखलखीत दांडा. त्यांनी फरशीवर पाय घासून बघितला. दांड्याला अख्खा भार देऊन लोंबकळल्या. बैठकीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. पडद्याच्या खिशात हात घालून साबण काढला. आम्ही तिघं बाहेर निकालाची वाट बघत ताटकळलेलो.

"चांगलं केलंय," त्या म्हणाल्या. यांनी श्वास सोडला. मग त्या दाराकडे वळल्या. "आणि ही कडी?"

यांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली.

"बाबा आतून कडी लावणार. आत चक्कर आली, तर तुम्ही काय करणार? परत सुतार?"

"कडी राहणार," बाबा म्हणाले.

"मग मी बॅग भरते."

"भर. पण तुझ्याकडे तरी कडी आहे ना?"

"माझ्याकडे तर आत माणूस असेल, बाबा!"

बाबा पांढरेफटक पडले. बापलेक एकमेकांकडे बघत उभे. हे सुई शोधायला लागले. आणि माझं डोकं फिरलं. वीस दिवस धूळ खाल्ली, खडूच्या भिंतींना वळसे घातले, ते काय एका बोटभर कडीसाठी? मी खाली गेले, मशीनचा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि दोन मिनिटांत कडी काढून ताईंच्या हातात ठेवली.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघू नका तसं," मी म्हटलं. "मला तुम्ही इथे हवे आहात. कडीसकट मिळत असाल तर कडीसकट, नाहीतर कडीशिवाय. आत कोणीही येणार नाही. मी दाराबाहेर उभी राहीन. पण आंघोळ होईपर्यंत तुम्ही बोलत राहायचं. आवाज येतोय तोवर माझं पाऊल आत पडणार नाही. आवाज थांबला की मी आत. चालेल, ताई?"

ताईंनी विचार केला. "आत्ता करून दाखवा."

"काय बोलू पण?" बाबा चिडून म्हणाले. "गाणं मला येत नाही."

"काहीही बोला. तोंड चालू ठेवायचं, तुम्हाला काय अवघड आहे?"

बाबा टॉवेल घेऊन आत गेले. दार सरकलं. यांनी घड्याळ बघितलं. पाण्याचा आवाज आला आणि त्यासोबत बाबांचा, खणखणीत.

"कडी काढली! विचारलंसुद्धा नाही! ही अशीच आहे. पेपर आधी स्वतः वाचते आणि शब्दकोडं सोडवून ठेवते, तेही चुकीचं! पंखा दोनवर! माणूस घामाने भिजला तरी दोनवर!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"चहात साखर मोजून! पत्ते खेळताना माझे पत्ते बघते, चष्म्यात दिसतात तिला! दुपारी घोरते आणि मी घोरतो म्हणते! गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाली, बटण वरखाली लागलंय!"

पाच मिनिटं झाली. माझे कान तापले होते. आता संपलंच, मला वाटलं. एवढं ऐकल्यावर कोणती मुलगी बापाला अशा सुनेकडे ठेवील? मी घातलेली अट माझ्याच गळ्याशी आली होती. मी रडकुंडीला आले आणि दारावर थापही मारता येईना, कारण आवाज चालू होता.

"थंडीत स्वेटर घालायला लावते! मी लहान आहे? दवाखान्यात उशी मऊ नाही म्हणून डॉक्टरशी भांडली, मला लाज आणली! रात्री औषध घेतलं का म्हणून डबी उघडून गोळ्या मोजते, माझ्यावर विश्वास नाही! त्या दिवशी मी आत पडलो होतो, तर पाऊण तास दाराबाहेर बसून बडबडत होती! सुतार येईपर्यंत एक क्षण गप्प नाही! शेजारणीचं सांग, भाजीचं सांग, डोकं खाल्लं माझं! मला घाबरायलासुद्धा वेळ दिला नाही..."

पाणी बंद झालं.

"आणि..." बाबा म्हणाले. "आणि ती... पंखा सांगितला. चहा सांगितला. आणि..."

मग काही नाही.

मी दार सरकवलं आणि आत घुसले. पडद्यातून फक्त बाबांचं डोकं बाहेर आलं, साबणाने पांढरं, डोळे घट्ट मिटलेले.

"काय झालं? बाबा! चक्कर आली?"

"ओरडू नकोस. काही झालं नाही."

"मग गप्प का झालात?"

"तक्रारी संपल्या," ते वैतागून म्हणाले. "शोधतोय. अजून सापडत नाहीये."

मी बाहेर आले. दार नीट लावून घेतलं. ताई पॅसेजमध्ये स्वतःच्या रिकाम्या बॅगेवर बसल्या होत्या, हातात कडी तशीच.

"अकरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल त्यांना एक मिनिटसुद्धा बोलता आलं नसतं गं. मी त्यांना फोनवर फक्त तब्येत विचारते."

मी खाली त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. आतून पुन्हा पाणी सुरू झालं.

"सापडली!" बाबांचा आवाज आला. "शॉवरला जोर नाही!"

"तो पूर्ण फिरवा, बाबा!" ताई ओरडल्या, आणि मग आपल्या भावाला म्हणाल्या, "अरे, आठ दिवस राहू का रे मी इथे?"